मालाचं चुकत नाही

आणि वर मलाच विचारतात, मुकादम, इतकी वर्षं फलाटावर काढलीत, तुमच्या हातून असं व्हावं? अहो, मालाच्या बाबतीत माझ्या हातून काही झालंय का आजवर? एक गोणी इकडची तिकडे झाली असेल तर दाखवा! मालाचं चुकत नाही हो. माणसांचंच काय ते चुकतं.

आता तुम्हाला आमचं काम ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. सीमेवरचं मालाचं आवार. आमच्या जमिनीत कोळसा, त्यांच्या डोंगरात तांबं, दोन्ही देश जमिनीखालून गडगंज, आणि जमिनीवर... जमिनीवर आपण राहतो, जाऊ द्या. तर त्यांना आमचा कोळसा हवा, आम्हाला त्यांचं तांबं, म्हणून दोन्हीकडच्या मोठ्या लोकांनी बसून करार केला की माल येईल-जाईल, माणूस येणार-जाणार नाही. आवाराच्या मधोमध पांढरी रेघ मारली. आमचा ट्रक मागे मागे येत रेघेपर्यंत, त्यांचा तिकडून मागे मागे येत रेघेपर्यंत, पाठीला पाठ लावायची, फळ्या पाडायच्या, आणि हमालांनी आपापल्या ट्रकात उभं राहून माल हातोहात द्यायचा. पाय रेघेच्या अलीकडे, हात पलीकडे. हाताला परवानगी लागत नाही, मी विचारून घेतलंय.

आणि माझी ताई पलीकडे! तिचं लग्न झालं तेव्हा कुठली आलीय रेघ? सकाळी निघालं की जेवायला तिच्या घरी. मग रेघ आली, आणि इकडे आईचे डोळे गेले. आता तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. मी घरी आलो की पहिला प्रश्न, ताईकडून काही आलं का रे? काय सांगू? तांबं आलं, आई. भरपूर आलं.

तर म्हटलं, हाताला परवानगी लागत नाही ना, मग आईचा हात तिकडे जाऊ दे! गोण्या शिवणाऱ्या बायकांना आवारात मज्जाव नसतो, त्यांच्यातच आईला बसवून आणायची, तांबं उतरून घेणाऱ्या ट्रकात रेघेपाशी टेकवायची, आणि समोरच्या ट्रकात ताई. पलीकडचा मुकादम म्हणजे देवमाणूस. माझ्यासारखाच पोट सुटलेला, माझ्यासारखाच बायकोला घाबरणारा. तो लगेच हो म्हणाला.

आता नीट ऐका, इथेच सगळा घोळ आहे. फलाट सहा, म्हणजे ट्रक पाठीला पाठ लावायच्या सहा जागा. आम्ही आमच्या डाव्या हाताकडून मोजतो, ते त्यांच्या. तोंडं एकमेकांकडे, म्हणजे आमचा एक तो त्यांचा सहा, आमचा सहा तो त्यांचा एक. मालाच्या कागदावर दोन्हीकडचे नंबर छापलेले असतात, म्हणून मालाचं चुकत नाही. पण आईला कुठला कागद? आमचा एक नंबर कोपऱ्यात, जरा आडोशाला, म्हणून मी आईसाठी तो धरला. आणि त्याला सोपं जावं म्हणून त्याच्या हिशेबाने सांगितलं, ताईला सहावर आणा. मी समजूतदार ना! पण तो माझ्याहून समजूतदार निघाला. त्याला वाटलं, हा बिचारा आपला नंबर सांगतोय, आपणच उलटा करून घेऊ. त्याने सहाचा एक केला. दोघांपैकी एक जण जरी थोडा कमी चांगला असता ना, तर त्या दिवशी भेट झाली असती.

मी आईला बसवलं आणि तडक पहारेकऱ्याकडे गेलो, त्याचं लक्ष दुसरीकडे ठेवायला हवं ना! त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली. अहो, त्या गुडघ्याचा काय इतिहास आहे! डावा कधी धरला, उजव्याला कसं कळलं, कुठल्या तेलाने वाढलं... आणि मी आपला हं हं करतोय, मनात म्हणतोय, आत्ता भेटल्या असतील, आत्ता रडल्या असतील.

भोंगा झाला. धावत गेलो तर आईचा चेहरा असा, की मी तो वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. म्हणाली, "भेटली रे. एक शब्द बोलली नाही, नुसती रडत होती. पण हात किती राठ झालेत पोरीचे. जावयाला जरा सांग."

आईला गोणीवाल्या बायकांबरोबर बाहेर पाठवलं, समोरचे ट्रक निघाले, आवार मोकळं झालं, तर पार दुसऱ्या टोकाला, कोळशाने काळी झालेली, माझी ताई उभी. इतक्या वर्षांनी दिसली ती अशी! तिथून तिने हाक मारली, "आई आली नाही का रे?"

बाजूला पहारेकरी आणि त्याचा गुडघा. मी नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मुकादमाने सांगितलं. आईने धरला तो हात त्याच्या एका हमालाचा. गड्याची दाढी छातीपर्यंत आहे हो! तांब्याची लगड द्यायला हात पुढे केला, तो म्हातारीने धरला, कुरवाळला, ‘ताई’ म्हणून हाक मारली. त्याला हात सोडवून घेता येईना, आणि तोंड उघडलं तर आवाज पुरुषाचा. मग तो तसाच उभा राहिला, माल पायाशी ठेवून, आणि रडत राहिला. हे सांगण्या-ऐकण्यात दोन ट्रक उगीचच खोळंबले.

आता त्या मुकादमाच्या तोंडून ताईचा रोज निरोप, आईला परत कधी आणतोस? आणि आईला विचारावं तर म्हणते, भेटले ना एकदा, आता माझं मन निवलं, कशाला त्या पोरीला पुन्हा एवढ्या लांब बोलवायचं? रात्री स्वस्थ झोपते हल्ली. ताईकडून काही आलं का, हेही विचारत नाही. खरं सांगितलं तर आईला झालेली भेट जाते, नाही सांगितलं तर ताईची व्हायचीच राहते. बायको म्हणते, सांगून टाका. मी रोज घरी जाताना ठरवतो आणि रोज दारात आईचा चेहरा बघून चपला काढतो.

मालाचं चुकत नाही हो. चुकलंच, तर परत पाठवता येतं. पण इथे तिकडून जे निघालंच नाही, ते इकडे सुखरूप पोचलंय... ते परत कसं पाठवू?