दोन निळी कार्डं

बहीण: हसू नकोस दादा, आधी उत्तर दे. उद्याच्या चर्चच्या जेवणाला नर्सबाई कुणाला आणणारेत?

पाळक: घड्याळकाकांना. आठ महिने झाले, दर शुक्रवारी सूपचा डबा घेऊन त्यांच्याकडे जातात. चर्चच्या भेटसेवेत इतकं नेमानं दुसरं कुणी जात नाही.

बहीण: आणि घड्याळकाका कुणाला आणणारेत?

पाळक: ते कशाला कुणाला आणतील? त्यांनाच आणायचंय. बायको गेल्यापासून एकटे आहेत, म्हणून तर त्यांचं नाव काढलं.

बहीण: ते नर्सबाईंना आणणारेत. हा बघ त्यांचा फॉर्म. ‘मी भेटायला जातो त्या एकट्या व्यक्तीचं नाव: नर्सबाई. त्यांना पाठ टेकायची खुर्ची द्यावी, बाकावर बसवू नये.’ आता हा नर्सबाईंचा. ‘मी भेटायला जाते ते: घड्याळकाका. कमी ऐकू येतं, पण कबूल करत नाहीत. पंख्याखाली बसवू नये.’ दोघांकडे निळं कार्ड आहे, दादा. दोघंही भेट द्यायला जातात, एकमेकांना.

पाळक: असं कसं होईल? निळं कार्ड भेटायला जाणाऱ्याचं. ज्याच्याकडे जायचं त्याचं पिवळं, ते आपल्या खोक्यात. काकांचं पिवळं मी माझ्या हातानं केलंय.

बहीण: आणि नर्सबाईंचं मी केलंय. खोक्यात दोन्ही आहेत, तळाशी, एकमेकांना चिकटून.

पाळक: तू मला विचारलं का नाहीस?

बहीण: तू विचारलंस? तूच सांगितलं होतंस ना, गाजावाजा करू नका म्हणून. आठव, पहिल्यांदा उपासनेनंतर आपण दोन टेबलं मांडली होती. एक भेटायला जाणाऱ्यांचं, एक भेट हवी असणाऱ्यांचं. पहिल्या टेबलापुढे दारापर्यंत रांग, नि दुसऱ्या टेबलावर मी एकटी माश्या मारत. काठी टेकत आलेले आजोबासुद्धा म्हणाले, मी जाईन की लोकांकडे, मला काय धाड भरलीय. तेव्हा तू म्हणालास, यापुढे कुणाला विचारायचंच नाही. कोण एकटं आहे ते आपणच गुपचूप ओळखायचं आणि त्याच्याकडे माणूस पाठवायचा. मी गुपचूप नर्सबाईंना ओळखलं आणि काकांना पाठवलं.

पाळक: आणि मी गुपचूप काकांना ओळखलं आणि नर्सबाईंना पाठवलं.

बहीण: हसलास की नाही शेवटी?

पाळक: हसत नाहीये. घसा साफ करतोय. पण आठ महिने एकाच्याही लक्षात आलं नाही? समोरचा आपल्याकडे डबा घेऊन का येतो, हे कुणीच विचारलं नाही?

बहीण: दोघांचे भेटींचे अहवाल वाचले तर कळेल. तू नर्सबाईंचे वाचतोस, मी काकांचे. आज पहिल्यांदाच दोन्ही ढीग एका टेबलावर आलेत, आणि सकाळपासून माझ्या पोटात दुखतंय हसून. काका मंगळवारी जातात. ते लिहितात की बाईंना बोलायला माणूस लागतो, मी दोन तास निमूट ऐकून घेतो. नर्सबाई शुक्रवारी जातात. त्या लिहितात की गृहस्थ एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, मी दोन तास निमूट ऐकून घेते.

पाळक: मग बोलतं कोण?

बहीण: तेच तर. पुढे ऐक. काका लिहितात, बाईंनी माझ्याकडे सूप आणलं. आळणी होतं, पण त्यांचं मन मोडू नये म्हणून दोन वाट्या प्यायलो. बाई लिहितात, गृहस्थांना मीठ वर्ज्य असावं असं पायांच्या सुजेवरून वाटतं, म्हणून मीठ घालत नाही, तरी बिचारे आवडीनं पितात. आता घड्याळाचं ऐक. नर्सबाईंच्या भिंतीवर लोलकाचं मोठं घड्याळ आहे ना? त्या लिहितात, गृहस्थांचं दुकान बंद झाल्यापासून हाताला काम नाही, म्हणून मंगळवारी सकाळी मी लोलक हातानं थांबवून ठेवते. ते आले की तासभर दुरुस्ती करतात आणि खूश होतात.

पाळक: हे मला माहीत आहे. वाचून डोळे भरून आले होते माझे.

बहीण: थांब, पुसू नकोस इतक्यात. काका लिहितात, घड्याळात काडीचाही बिघाड नाही. बाई लोलक थांबवतात. सोबत हवी असते, पण तोंडानं म्हणवत नाही. म्हणून मी मागचं झाकण काढून तासभर आत बघत बसतो आणि मग लोलकाला बोट लावतो.

पाळक: अगं, पाणी दे.

बहीण: घे. सावकाश. दारात कुणी आलं तर म्हणेल पाळकांना झालंय तरी काय.

पाळक: पण आता उद्याचं काय? उद्याच्या जेवणात पिवळ्या कार्डवाले बसतात आणि निळ्या कार्डवाले त्यांना वाढतात. हे दोघंही ओगराळं घेऊन उभे राहणार.

बहीण: आणि दोघंही एकमेकांना खुर्चीकडे ढकलणार. ‘बसा बाई, पाठ दुखेल.’ ‘तुम्ही बसा, पाय सुजलेत.’ मला तर पहिल्या रांगेत बसून बघायचंय.

पाळक: यात हसण्यासारखं नाहीये पण. नर्सबाईंनी आपल्या माणसांना तीनदा दारातून परत पाठवलंय. आठवतंय ना काय म्हणाल्या होत्या? चाळीस वर्षं मी लोकांची सेवा केली, माझी कुणी करायची नाही. आणि काकांना महिलामंडळानं डबा नेला, तर त्यांनी डबा परत केला आणि वर आणणारीचं मनगटावरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, फिटंफाट म्हणून. यांच्यापैकी एकाला जरी कळलं की आपण आठ महिने मदत घेणाऱ्यांच्या यादीत होतो, तर दार बंद. मंगळवार गेला आणि शुक्रवारही गेला.

बहीण: मग नको सांगायला. उद्या दोघांच्याही छातीवर निळंच कार्ड लावू.

पाळक: आणि समोरच्याच्या छातीवर निळं दिसलं की? नर्सबाई मूर्ख नाहीत. एकाला सांगावंच लागेल, तेही आज. काकांना सांगावं म्हणतो मी.

बहीण: तू सांगणार? तुझं आत्ताच त-त प-प होतंय. कोण आलं बघ. ढीग झाक, दादा. टोपी ठेव त्यावर.

(घड्याळकाका आत येतात. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेलं, चर्चच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ आहे.)

घड्याळकाका: तुमचं घड्याळ. आत कोळ्यानं संसार मांडला होता. काढला. आता मिनिटभरसुद्धा मागे पडणार नाही. टोपी घाला पाळकसाहेब, कागदांना ऊन लागत नाही.

पाळक: बसा काका. आम्ही जरा उद्याची तयारी करत होतो. म्हणजे खुर्च्यांची. किती खुर्च्या वगैरे.

घड्याळकाका: त्यासाठीच आलो. मला पिवळं कार्ड हवंय.

बहीण: नर्सबाईंचं ना? ते उद्या दारातच—

घड्याळकाका: माझं. माझ्या नावाचं. असेल ना तयार?

पाळक: काका, तुमचा काहीतरी गैरसमज—

घड्याळकाका: साहेब, पन्नास वर्षं मी डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बघितली. माणूस खोटं बोलताना दिसतोच. तिसऱ्याच मंगळवारी बाई चष्मा शोधत होत्या. पर्समधून निळं कार्ड खाली पडलं. मी उचललं. वर ‘भेट द्यायची’ म्हणून माझं नाव, आणि अक्षर तुमचं.

बहीण: तिसऱ्या? म्हणजे साडेसात महिने तुम्हाला माहीत आहे?

घड्याळकाका: मग? तुम्हाला कधी कळलं?

बहीण: आज सकाळी.

घड्याळकाका: बरंय. चालतं चर्च अशानंही.

पाळक: तुम्हाला राग नाही आला?

घड्याळकाका: अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, मी काय अनाथ आहे? बायको गेली म्हणजे माणूस काय कोपऱ्यात टाकलेली वस्तू झाला? त्या शुक्रवारी बाई आल्या तर मी दार उघडलं नाही. आत खुर्चीत बसून राहिलो. त्यांनी दोनदा हाक मारली. मग पायरीवर बसल्याचा आवाज आला. मी म्हटलं, जातील पाच मिनिटांत. घड्याळ समोरच होतं. चाळीस मिनिटं झाली.

पाळक: चाळीस?

घड्याळकाका: शेवटी मीच उघडलं. म्हणाल्या, झोप लागली असेल, बरं झालं, तुमच्या वयाला हवी असते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत त्या. सूप गार झालं होतं, ते तापवायला स्वतःच आत गेल्या. जाताना बघितलं, साडी नीट इस्त्री केलेली, केसांना पिन. रुग्णाकडे जाताना कुणी इतकं करत नाही. तेव्हा कळलं, त्यांनाही शुक्रवारी जायला दुसरी जागा नाही.

बहीण: मग तुम्ही सांगितलं का नाहीत त्यांना? किंवा आम्हाला? उलट दर महिन्याला तो अहवाल लिहीत राहिलात, बाई एकट्या, बाईंना सोबत हवी.

घड्याळकाका: नसता लिहिला तर तुम्ही माझं कार्ड काढून घेतलं असतं. मग मी मंगळवारी कुठल्या तोंडानं गेलो असतो? बाई मोठ्या कडक. कारण विचारल्याशिवाय आत घेत नाहीत.

पाळक: आणि परवाचा फॉर्म? त्यात तुम्ही त्यांना आणणार असं लिहिलंत.

घड्याळकाका: शेजारी बसून त्या त्यांचा भरत होत्या, हातानं झाकून. मी कोरा ठेवला असता तर विचारलं असतं. मीही हातानं झाकून भरला. घरी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की उद्या कुणीतरी एकानं बसावं लागणार. त्या बसायच्या नाहीत. चाळीस वर्षं उभ्या राहिल्यात, त्यांना बसवलं तर त्या संपतील. म्हणून मी बसतो.

बहीण: सगळ्या मंडळींसमोर? पिवळं कार्ड लावून? काका, तुम्ही तर डबा परत पाठवणारे.

घड्याळकाका: सुपाचं तेवढं स्वयंपाकघरात आधी सांगून ठेव. मला बाईंनीच वाढलं पाहिजे, आणि मीठ नको.

पाळक: हे घ्या काका. आठ महिन्यांपूर्वीच केलं होतं. तुमच्या नावाखाली मी तेव्हा एक शब्द लिहून ठेवलाय, त्याबद्दल माफ करा. खोडतो.

घड्याळकाका: बघू. ‘एकटे.’ राहू द्या. त्यांनी वाचलं तर बरंच आहे, त्यांचा तसाच समज आहे.

बहीण: आणि हे नर्सबाईंचं पिवळं, हे मी फाडून टाकते. आत्ताच. पण काका, खरं सांगा. तो समज नुसता त्यांचाच आहे की तुम्ही एकटे आहातच?

घड्याळकाका: मंगळवारी नसतो. शुक्रवारीही नाही.