बाप-लेकीचं काम

—हो, तोच मी. बरोबर ओळखलं तुम्ही. नाही हो, राग कसला, लोक असंच करतात — आधी लांबून बघतात, मग जवळ येतात, मग मोबाईल काढतात. काढा फोटो. फक्त चाकू धरल्यासारखा हात करा म्हणू नका भाऊ, आज नको. बसा ना. ही पिशवी सरकवतो — जरा हळू, त्यात मांडे आहेत, खापरावरचे, तिच्या मायने पहाटे उठून केले. मोडले तर — मोडले तर मोडले, आता काय. कुठे निघालात? शिरपूर? लागायची आहे अजून तुमची गाडी. मी फैजपूरचा. परवा आखाजी, अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात ना, म्हणून पोरीला न्यायला आलो, मुराळी. मुराळी खरा भाऊ असतो, पण तिला भाऊ नाही, मग बापच मुराळी. सासर इथेच आहे, धुळ्यात, देवपुरात. येतेच आहे ती मागून. आवरतेय. बायकांचं आवरणं तुम्हाला काय सांगायचं.

पिक्चर आमचा मूळचा नाही बरं. मूळ तिकडे दक्षिणेतला, त्यावरून हिंदी निघाला, आणि हिंदीवरून आमच्या हितेंद्रने खान्देशी काढला. हितेंद्र म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगा करतो तो. हिंदीत केवढी चकचकीत बँक, त्यात गुंड शिरतो, माणसं ओलीस धरतो, बाहेर पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर. आम्हाला बँक कोण देणार? मी केळीच्या गोडाउनवर कामाला — तिथे केळी पिकवायच्या खोल्या असतात ना, थंडगार, जाडजूड दार, कडी बाहेरून — त्यातली चौदा नंबरची रिकामी होती. गोडाउनचे मालक चंपालालशेठ म्हणाले, करा बाबांनो, माल यायच्या आत आटपा म्हणजे झालं. म्हणून पिक्चरचं नाव 'चौदा नंबरनी खोली'. हेलिकॉप्टर नव्हतं, तर हितेंद्रने फवारणीचं ड्रोन उडवलं. लोक हसतात त्याला. हसू द्या, हसण्यासारखंच आहे. पण दोन कामांना कोणी हसलं नाही. एक माझं, आणि एक दिपमालाचं. दिपमाला म्हणजे माझी लेक, जिला न्यायला आलोय ती.

आता तुम्ही म्हणाल, सख्खा बाप गुंड आणि सख्खी लेक ओलीस, हे काय? सगळे म्हणतात. अहो, परक्या माणसाने तरण्या पोरीचा दंड धरायचा, केस धरून ओढायचं, आणि ते साऱ्या जगाने बघायचं — कोणता बाप हो म्हणेल? हितेंद्र घरोघर फिरला. कोणी दारात उभं केलं नाही. मग मला म्हणाला, अभिमननाना, तुमची पोर तुम्हीच धरा, मग कोणाची काय टाप बोलायची? पटलं ना मला. बापाच्या हाताला कोण नाव ठेवणार? आमच्या हिशेबाने यापरीस सांभाळून केलेलं काम दुसरं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं — नाही, राहू द्या. तुम्ही पाव्हणे माणूस, तुम्हाला कशाला कोड्यात टाकू.

माझं काय, डोळे वटारायचे, दात खायचे, आवाज चढवायचा — ते गोडाउनवर रोज करतो, हमालांवर. काम खरं तिचं. तो फोनचा सीन पाहिला असेल तुम्ही. पोलीस तिच्या मायला फोन जोडून देतात, जिवंत आहे का पोर ते कळायला. मी दाराआड, चाकू तिच्या बरगडीला लावलेला, आणि कॅमेऱ्यात तिचं एकटीचं तोंड. आमची बोली ही नाही बरं, पण हितेंद्र म्हणाला, धुळ्यापर्यंत चालायचा तर अहिराणीच पाहिजे, म्हणून पाठ करून बोललो सगळं. तर ती म्हणते — माय, मी बरी शे, तू जेवी ले. संपलं. हिंदीतली बाई त्या जागी धाय मोकलून रडते. हितेंद्र ओरडला, रड ना गं. ही म्हणाली, रडले तर मायला कळेल ना, आणि हा मागे उभा आहे चाकू घेऊन, मग मी रडेन कशी? हसली ती, भाऊ. मान जरा तिरपी केली आणि हसली. मी चाकू धरून उभा, आणि माझ्याच अंगावर काटा आला. लाकडी चाकू होता, चंदेरी रंग मारलेला.

आणि त्याच सीनवर सोयरीक आली बघा. इथल्याच लोकांनी पाहिला, व्याही स्वतः आले, म्हणाले, पोरगी भारी गुणी शे, आम्हाला हीच पाहिजे. गोपाल नाव जावयाचं. दुकान आहे, घर पक्कं, वर गच्ची. आम्ही म्हटलं, पोरीचं नशीब पिक्चरने काढलं. साऱ्या गावाने म्हटलं. मी पेढे — जाऊ द्या. काय बघताय रस्त्याकडे? ती येईल ना. येईल म्हणजे, तसं बोलणं झालंय. म्हणजे बोलणं असं की —

नाही येणार, भाऊ. जाऊन आलो मी. तुमच्याशी खोटं बोललो, आणि कशाला बोललो तेही कळत नाही, तुम्ही माझे कोण लागता? मारतो तो तिला. पहिल्यांदा तिने तिच्या मायला सांगितलं, बाथरूममधून फोन करून, हळू आवाजात. मग मी चार शहाणी माणसं घेऊन आलो, रीतीने, टोप्या घालून. बैठक बसली, चहा झाला, आणि जावई काय म्हणाला माहीत आहे? 'नाटक करस ती. बठ्ठा खान्देशले माहीत शे.' साऱ्या खान्देशाला माहीत आहे म्हणे. आणि माझी माणसं, मी घेऊन गेलेली माणसं हो — हसली. एक म्हणाला, नाना, तुमच्याच तालमीत तयार झालेली ना. मग जावयाने मोबाईल काढला आणि मी तिचे केस धरून ओढतो तो सीन लावला सगळ्यांसमोर. म्हणाला, बापाने ओढलं तर टाळ्या, आणि नवऱ्याने आवाज चढवला तर बैठक? ते नाटक होतं म्हणावं, तर तो म्हणतो, हेही नाटकच आहे.

चौकीत गेलो. तिथल्या एकाने ओळखलं, खुर्ची दिली, खांद्यावर हात टाकून फोटो काढला. म्हणाला, पोरीला घेऊन या, तिने सांगितलं पाहिजे. आता तिला घेऊन यायचं, तेच तर होत नाही ना भाऊ. घेऊन येता आली असती तर चौकीत कशाला गेलो असतो? पण बरोबर आहे त्याचंही. तो तरी काय करेल?

म्हणून म्हटलं, आखाजीला जाऊ. आखाजीला पोर माहेरी धाडायची नाही म्हणायला कोणाची जीभ वळत नाही, दुष्मन असला तरी धाडतो. एकदा गाडीत बसली की मग परत धाडायची की नाही ते आम्ही बघू. असा डाव होता. तिच्या मायने झाडाला झोकासुद्धा बांधून ठेवलाय. गेलो, कडी वाजवली. विहीणबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि तिला पुढे केलं. हात तिच्या खांद्यावर, अगदी मायेचा वाटावा असा. आणि पोर मला म्हणाली — मला, स्वतःच्या बापाला, अहिराणीत — 'आबा, मी बरी शे, तुम्ही जेवी ल्या.' मान तिरपी करून हसली. आणि दाराच्या खालच्या फटीतून मला जावयाचे पाय दिसत होते. मी उभा असायचो ना, नेमका तिथेच उभा होता तो.

मी काय केलं? काही नाही. 'बरं बेटा' म्हटलं. शेजारची एक बाई बघत होती, ती म्हणाली, किती सुखात आहे हो तुमची पोर. मी मान हलवली आणि इथे येऊन बसलो. मला जे समजलं ते दुसऱ्या कोणाला समजायचं नाही, आणि समजावू कोणाला? कोण मानेल? पोरीने तोंडाने सांगितलं, बरी आहे. तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीही मानलं असतं.

भाऊ, एक बोलू? तुम्ही उंच आहात. शर्ट पांढरा, केस असे बारीक कापलेले, मिशी. तुम्ही चला माझ्यासोबत. रिक्षाने काही वेळ लागत नाही. तुम्हाला बोलायचं काही नाही — एक शब्द नाही, आता बसलात ना तसंच गप्प, हाताची घडी घालून फाटकाशी उभं राहायचं. मी म्हणेन, साहेब आलेत. एवढंच म्हणेन, कसले साहेब हे त्यांचं ते समजून घेतील. तो जरा दबकेल, दार मोकळं होईल, आणि मी तिचा हात धरून ओढेन. मला ओढता येतं तिला. ती लगेच येईल, तिला कळतं आपल्या हातात किती वेळ आहे ते. चपला नाही घातल्या तरी — तुम्ही उठू नका ना असे. ऐका तरी. तुमच्यावर काही येणार नाही, नाव विचारलं तर मी देईन उत्तर —

हो, ऐकलं मी. शिरपूरच पुकारतोय. तुमचं बरोबर आहे, तुम्हालाही घर आहे, तिथेही कोणी वाट बघत असेल. माझी चूक झाली, ओळख ना पाळख, असं कोणाला विचारायचं नसतं. नाही, फैजपूरच्या गाडीचं मी बघतो. एक गेली मघा, दुसरीही गेली. तुम्ही जा, सणाची गर्दी आहे, जागा मिळणार नाही. जा ना भाऊ. असं माझा हात धरून उभे राहू नका — ती बघा, माणसं थांबायला लागली. त्यांना वाटतंय शूटिंग चाललंय.