पलीकडच्या काठाला पासवर्ड नाही

पलीकडच्या काठाला पासवर्ड द्यायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही – हे मला शिकवलं कुणी, मिस्टर ऑल्डिस? तुम्हीच. आमची बोट कालव्यावरच्या तुमच्या या धक्क्याला लागली तेव्हा मी दहा वर्षांची. आपली जागा कायमची, त्या काठावरच्या बोटवाल्यांचा मुक्काम चौदा दिवसांचा, मग हलायचंच, वाय-फाय आपलं – बास! चहा घ्या ना, गार होतोय. बाबांकडे काय बघताय? ते शेगडीत कोळसा घालतायत, तुम्ही आलात तेव्हापासून घालतायत.

वाचला मी तुमचा चौकशीसाठीचा कागद. 'एनिड टॅपस्कॉट यांनी आमच्याकडे इंटरनेट कधीही मागितलं नाही.' खाली माझी सही, कारण पासवर्ड माझ्याकडे. छान. पण मागितलं होतं हो – तेराव्या दिवशी, या खिडकीशी, खोकत. म्हणाली, पोरी, आजारी आहे, आठवडाभर इथेच राहू द्या असा कालव्याच्या ऑफिसला अर्ज टाकायचाय, या घळीत फोनला रेंज नाही, दोन मिनिटं दे. दोन मिनिटं! आणि मी काय म्हटलं? नियम आहे, म्हटलं. एवढी कॉलेजात शिकलेली मी, आणि वाक्य तुमचं – आवाजसुद्धा तुमचाच.

काय? अर्ज न टाकता तशीच थांबली असती तर? परवाना गेला असता, मग घर गेलं असतं – बोटच घर होतं ना तिचं! म्हणून चौदाव्या दिवशी निघाली, तापात, एकटी. लॉकमधलं, म्हणजे बोट खालच्या पातळीला न्यायच्या त्या दोन दारांमधल्या हौदातलं, पाणी उतरताना बोट पुढे ठेवायची, नाहीतर शेपूट मागच्या दगडी कठड्यावर अडकते – हे तिला कळत नव्हतं? चाळीस वर्षं बोटीवर काढलेल्या बाईला? ताप होता हो! पाणी सोडलं आणि वर लॉकच्या काठावर बसून राहिली. उशिरा लक्षात आलं, तशी बोट पुढे घ्यायला बोटीत उतरली. शेपूट अडकलेली, बोटीचं नाक खाली गेलं, पाणी आत शिरलं, आणि... तुम्हीही होतात की बोट आणि तिला वर काढताना.

ती खिडकीशी उभी होती ना, तेव्हा मी मालिका बघत होते. त्याच वाय-फायवर. आणि ती वळल्यावर थंडी येते म्हणून खिडकी कुणी लावली? बाबा, तुम्ही लावलीत.

सही नाही करणार मी. केली न केली, ती काही परत येत नाही. आमची जागा काढून घ्याल? घ्या. चौदा-चौदा दिवसांनी हलू आम्ही. हे पेन घ्या तुमचं.

थंडी आली तर येऊ दे बाबा, खिडकी उघडतेय मी.