आठ मुलं की एक भाषण

मुलांनो, एक खोली मनात उभी करा. टेबलावर जुना कॉम्प्युटर आहे, आत सीडी फिरल्याची घरघर चालू आहे. टेबलाशी दोघी बसल्यात. एक चौथीच्या बाई, दुसरी त्यांच्याच वर्गातली मुलगी. ती ओळीखाली बोट धरून थांबत थांबत वाचते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. बाईंनी वर्गातल्या छत्तीसही मुलांचं वाचन टेप केलंय. ते सगळं एका सीडीवर घालून तशा छत्तीस सीड्या करायच्या आणि उद्या प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायची. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडचं आपल्याला ऐकू येणार नाही, फक्त बाईंचं येईल. ऐका तर.

हॅलो?… हो, मीच… कोण? मुख्याध्यापक? अरे, मग एवढा जाड आवाज काढून कशाला बोलतोस, मला वाटलं बँकेतून फोन आहे… शाळेत म्हणते की 'सर'. घरी फोन केलास तर तू माझा जुना विद्यार्थी. बोल.

हो, चालू आहे काम. अकरा झाल्या… एकीला नऊ मिनिटं लागतात… नाही रे, घाई करून चालत नाही. मध्येच थांबवली की ती सीडी वाया. मग चहाचा कप ठेवायला घ्यायची.

हो, मिळालं ना तुझं भाषण. बावीस मिनिटांचं… पाहिलं, पूर्ण पाहिलं. कोट छान दिसतोय तुला.

नाही, सीडीवर नाही घातलं… विसरले नाही, मुद्दामच नाही घातलं… अरे, ऐक ना. सीडी म्हणजे डबा समज. डब्यात मावेल तेवढंच मावतं… दाबून बसवायला ती काय गोधडी आहे? छत्तीस मुलं बसली की वर चार बोटं जागा उरते. तुझं भाषण चित्रासकट आहे, त्याला ऐसपैस जागा लागते. ते घ्यायचं तर आठ मुलं खाली उतरवावी लागतील.

काय म्हणालास?… 'उतरवा'?

कुठली आठ?… यादीसुद्धा केलीस? बरं, वाच… हं… तो आता जोडाक्षरं वाचतो, तुला ठाऊक नाही… हं… थांब. तिसरं नाव कुणाचं घेतलंस?

ती इथेच बसलीय, माझ्या शेजारी. सीड्यांवर सगळ्यांची नावं लिहितेय… ऐकतेय ना, तुझा आवाज तिच्यापर्यंत येतोय… नाही, तिला बाहेर नाही पाठवणार. बाहेर जाण्यासारखं तिने काय केलंय?

शाळेचं नाव… हो, हो… लोक काय म्हणतील… हो, कळलं. आता माझं ऐक. चार मिनिटं लागतात तिला एका पानाला. लागू देत. वर्षाच्या सुरुवातीला तिसऱ्या शब्दावर पुस्तक मिटायची. आता अडखळते, श्वास घेते, पुढे जाते आणि पान संपवते. ते अडखळणंसुद्धा मी कापलेलं नाही… नाही, अर्धं पानही नाही कापणार. शेवटची ओळ तर अजिबात नाही.

तू? तू धडाधड वाचायचास. आणि दर पानाला दोन ओळी गाळायचास… आठवत नाही? मला आठवतं. तेव्हा मी तुला परत मागे न्यायचे. आज तू आठ मुलं गाळतोयस. आजही मागे नेणार.

नियम? कुठे लिहिलाय, दाखव. टेप माझी, कॉम्प्युटर माझा, सीड्या मी आणल्यात. पालकांच्या सह्याही आहेत, छत्तीसच्या छत्तीस.

शाळेत वाटू देणार नाहीस?… बरं. मी फाटकाबाहेर उभी राहीन. रस्ता काही तुझ्या ऑफिसातून उघडत नाही… भर उन्हात, हो. टोपी आहे माझ्याकडे.

कर की कारवाई. उद्या माझा नोकरीतला शेवटचा दिवस. तुझा कागद टाइप होऊन येईपर्यंत मी घरी झोपाळ्यावर असेन… रागावले नाही रे. समोरच्याला कळेपर्यंत सांगायची सवय आहे, एवढंच. परत सांगू? सीडी म्हणजे डबा…

एक मिनिट हं. ही काहीतरी म्हणतेय… काय गं?… सरांशी? तुला बोलायचंय?… अगं, मग बोल ना, घाबरतेस काय.

हॅलो, ऐक. आता ती बोलणार आहे. तिला वेळ लागेल. मध्ये बोलायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, 'हं, पुढे' म्हणायचं नाही. पान संपेपर्यंत थांबायचं… घे गं.

सर… मी… चौथीतली. यादीतली… तिसरी. …तुमचं भाषण… मी… वेगळ्या सीडीवर… घालून देते. …ज्याला हवं असेल… तो… मागून नेईल. …आम्ही… छत्तीसच… राहणार. …झालं माझं.

सर त्यावर काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, कारण मुंगीने फोन ठेवून दिला होता. मग तिने एक कोरी सीडी घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि एकेक अक्षर पुरं करत सावकाश लिहिलं: 'मुख्याध्यापकांचे भाषण. मागेल त्यालाच.'