राखणदार पेशींचा संशय

गुडघ्याच्या एक्स-रेसाठी नंबर लावून बसलेल्या निवृत्त वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण पान उलटायचं ते केव्हाच विसरले होते. शेजारच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली होती.

“अगं, तू चहात विष कालवतेस असं आई नाही बोलत. तिचा ताप बोलतोय.”

“असं होय! जंतू लघवीच्या मार्गात, आणि संशय माझ्यावर?”

“डॉक्टर काय म्हणाले? जंतूंशी झुंज सुरू झाली की रक्तातून मेंदूला सांगावा जातो. तिथल्या राखणदार पेशी खवळतात. मग म्हाताऱ्या माणसाला भलतंसलतं वाटायला लागतं.”

“खवळू देत की. पण त्यांना माझंच नाव बरं सापडलं? चहा तर रोज तुम्ही करता.”

“पेशींना काय कळतंय त्यातलं?”

“कळतंय तर! बरोबर मुलगा सोडून सून धरली. लग्नापासून मनात होतं, ते आता बाहेर आलं. मी नाही समोरच्या वॉर्डात त्यांच्याकडे जायची. त्यांना घरी आणलंत की मी माहेरी चालले.”

“बरी होईपर्यंत तरी थांब.”

“आणि बऱ्या झाल्यावरही तेच म्हणाल्या तर?”

नवरा चष्मा काढून पुसू लागला. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र जरा खाली घेतलं. तेवढ्यात नर्स आली.

“आजींचा ताप उतरलाय. ‘माझ्या लेकीला आत पाठवा’ म्हणतायत.”

“लेक? त्यांना लेक नाही हो.”

“दारातून तुमच्याकडेच बोट दाखवलं त्यांनी.”

सून पर्स नवऱ्याच्या मांडीवर टाकून तरातरा निघाली आणि दाराशी थबकली.

“सिस्टर, ताप पुन्हा एकदा मोजता का?”