खालच्या अंगाचं शेत

—नाही हो भाऊजी, वास कसला? वारा आज तिकडून आहे, म्हणून जरासा. सवय होते. तेलाची विहीर खणताना चिखल निघतो ना, तोच टँकरनं आणून आमच्या शेतातल्या खड्ड्यात ओततात — जमिनीतलंच जमिनीत परत, असं कंपनीचा माणूस म्हणतो, आणि बघा, आता मीही तेच म्हणायला लागले. जमीन आपलीच राहते, भाडं घरबसल्या. नाहीतरी तुमच्या खालच्या अंगाच्या शेतात हल्ली पिकतंय काय? — अं? आमच्यामुळे? कोण म्हणालं असं? — अहो थांबा, ते नळाचं नका पिऊ! हे घ्या, बाटलीतलं. नाही, नळाचं तसं चांगलंय, भांड्यांना चालतं.

जाऊ दे, तुमच्यापासून काय लपवायचं. चिखल झिरपू नये म्हणून खड्ड्याच्या तळाशी काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं. आमच्या सासऱ्यांना भाडेपट्टा-बिट्टा कळत नाही, त्यांना एवढंच कळतं की पेरणीच्या तोंडावर जमीन तशीच पडू द्यायची नाही. खड्ड्यातल्या चिखलाचा वरचा थर वाळला, तडकला — आम्ही दोघं लग्नाला गेलेलो — म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर काढला आणि घातला नांगर. चांगला खोल. आम्ही येतो तर फाळाला काळ्या चिंध्या लोंबतायत, आणि सासरे खुशीत, "सूनबाई, झाली बघ जमीन तयार!" आता त्यांना बोलायचं तरी काय? मी चहा करून दिला.

कंपनी म्हणते, प्लास्टिक तुम्ही फाडलंत, तुम्हीच निस्तरा. खालच्या विहिरींचं पाणी बिघडलं तर तेही तुमच्याच गळ्यात. आम्ही कसलं निस्तरतोय? मग तो माणूस हळूच म्हणाला — खालच्या शेजाऱ्यानंही जमीन भाडेपट्ट्यानं दिली, तर तक्रार करायला उरतंच कोण? मग कंपनीही फाटलेलं प्लास्टिक विसरेल. म्हणून तर तुम्हाला बोलावलं — म्हणजे, चहालाच बोलावलं हो.

असं बघू नका ना. तुमच्याकडे लहान लेकरं आहेत, मला का दिसत नाहीत? अजून विहिरीचंच पिताय ना सगळे? — पिताय. शिव्या तरी द्या.

गाडी वाजली. तोच असणार, सहीचे कागद घेऊन. बसा, तुम्ही बसा, मी त्याला सांगते की तुमचं जवळजवळ ठरलंच — नाही. उठा. मागच्या दारानं जा. आणि लेकरांना ते पाणी देऊ नका. अहो, जा म्हणते ना!

—या साहेब, या. नाही हो. ते आलेच नाहीत.