अध्यक्षबाईंची सही

प्रीतम : ...अन् आता खालची ओळ आयका काकू. 'माजी सैनिक, नामांकित कबड्डी प्रशिक्षक, कुटुंबवत्सल, धम्मनिष्ठ, समाजभूषण कॅप्टन धर्मपाल तायडे सर यांना प्रथम स्मृतिदिनी विनम्र अभिवादन.' चौकात वीस फुटाचा फ्लेक्स लागला. आलं का नाई डोयात पानी?

पंचफुला : आधी तोंडातला खर्रा थुंकून ये. बुढ्याच्या फोटोसमोर बसला हायेस.

प्रीतम : थुंकलो. बोला.

पंचफुला : हा कॅप्टन कोन?

प्रीतम : कोन म्हंजे? आपले सर!

पंचफुला : तो नायक होता. सतरा वर्षं फौजेत राह्यला अन् नायक म्हून घरी आला. मेल्यावर कोनं बढती देल्ली त्याले?

प्रीतम : फ्लेक्सवाल्यानं टाकलं. म्हने, नायक कोनाले समजत नाई, कॅप्टन भारी दिसते.

संध्या : राहू दे ना आई. एवढं खोटं लिहिलंय, त्यात आणखी एक कॅप्टन.

प्रीतम : संध्याताई, तुमी अकोल्याहून बापाच्या स्मृतिदिनाले आल्या अन् असं बोलून राहिल्या?

संध्या : कुटुंबवत्सल कुठून आणलंस रे?

प्रीतम : ते... सगळ्यायच्याच फ्लेक्सवर राह्यते.

संध्या : माझ्या लग्नात मंगल परिणय सुरू झाला तरी बाबांच्या गळ्यात शिट्टी होती. सकाळी सराव घेऊन आले होते सरळ.

पंचफुला : तुया लग्नाले आला तरी. जन्माले कुठं होता? अकोल्याले फायनल होती. तिसऱ्या दिवशी शिल्ड घेऊन आला अन् तुया बाजूले पाळन्यात ठेवली. म्हने, दोघी बी आपल्याच. म्या म्हटलं, मंग शिल्डले दूध तूच पाज.

प्रीतम : पन धम्मनिष्ठ तं होते! हे तं खरं ना?

पंचफुला : दर रविवारी विहारात झाडू मारे. वंदना झाली का पयला उठून मैदानावर. भाषन कराले बोलावलं का त्याले खोकला ये. तुयासारखा माईकले लटकला नाई कधी.

प्रीतम : काकू, तुमी बी ना! मले सरांनीच घडवलं.

पंचफुला : तुले? एक महिना टिकला तू. सकाळी पाचले माती चाळाले लावली म्हून पळाला. पोरी चाळत राहिल्या अन् हा पोट्टा घरी गोधडीत. आता स्मृती समितीचा अध्यक्ष! घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हनतात, तू तं दोन्ही केलं नाई.

प्रीतम : बरं, तुमचा राग जायज हाये. पन हे कागद पाहा. मैदानावर सरायचं स्मारक होऊन राह्यलं. समोर अर्धपुतळा, मांगं मोठं सभागृह. लग्न, वाढदिवस, सारे कार्यक्रम तिथंच. फक्त तुमची सही पाह्यजे.

पंचफुला : मायी काहून?

प्रीतम : मैदान क्रीडा मंडळाच्या नावानं हाये. अन् पंचवीस वर्षांआधी मंडळाची नोंदणी केली तवा सरांनी अध्यक्ष म्हून तुमचं नाव टाकलं.

संध्या : तुझं? तू अध्यक्ष आहेस, आई?

पंचफुला : मले काय मालूम! चुलीवर भाजी होती. म्हने, इथं सही कर. केली. पंचवीस वर्षं चाय कराची अध्यक्ष राह्यली म्या. खेळाडूयच्या मातीनं भरलेल्या चड्ड्या धुवाची अध्यक्ष.

संध्या : मग दे सही. होऊ दे ते मैदान बंद एकदाचं. त्या मैदानानं माझा बाप खाल्ला. वर्गातल्या पोरींचे बाप त्यांचा हात धरून जत्रेला न्यायचे. यांनी माझा हात धरला तो मूठ उघडायला. ओली माती ठेवायचे आणि म्हणायचे, दाब. गोळा झाला पाहिजे, अन् बोट लावलं की फुटला पाहिजे. मैदानाला तेवढंच पाणी बरोबर. आठ वर्षांची होते मी. चुकलं की परत. मला नुसता हात धरायचा होता त्यांचा.

प्रीतम : बघा, ताईयची बी संमती हाये. इथं सही...

पंचफुला : थांब. अन् पोरी?

प्रीतम : कोन्त्या पोरी?

पंचफुला : ज्या रोज संध्याकाळी तिथं खेळतात त्या. तुया डोयाले फ्लेक्स दिसते, पोरी दिसत नाई?

प्रीतम : काकू, आता मातीवर कोन खेळते? जमाना मॅटचा हाये. पोरी स्टेडियमले जातीन.

पंचफुला : सफाईवाल्या देवीदासची पोरगी भावना सहा किलोमीटर जाईन? कशावर? तुया गाडीवर? येताना अंधार होईन तवा तू आनशीन तिले, का तवा बी घोषणाच देशीन?

प्रीतम : काकू, सहा वाजता पाहुणे येऊन राहिले. स्मारकाची घोषणा कराची हाये. लोकं काय म्हनतीन, नवऱ्याचं स्मारक बायकोनंच अडवलं!

पंचफुला : म्हनू दे. बाई खडूस हाये म्हना. बुढा बी तेच म्हने. तुले पुढच्या वर्षी वॉर्डात उभं राह्याचं हाये ना? सभागृह बांध, तुया घरासमोर बांध. पुतळा बी तुयाच बसव, कॅप्टन प्रीतम म्हून.

संध्या : आई, तू का त्यांची बाजू घेतेस? त्यांनी तुला काय दिलं?

पंचफुला : त्याची बाजू कोन घेते? मले त्याचा राग हाये. मेला तरी उतरला नाई. एक दिवस मले म्हटलं नाई का बस, दमली अशीन. पन राग त्याच्यावर हाये बाई. भावनाचा काय गुन्हा?

प्रीतम : मंग म्या माईकवर काय सांगू?

पंचफुला : सांग, अध्यक्षबाई नाई म्हनाल्या. पंचवीस वर्षांत पयल्यांदा कोनं इचारलं मले. अन् जाता जाता त्या फ्लेक्सवर कॅप्टनवर कागद चिकटव. नायक लिव. ऱ्हस्व-दीर्घ पाहू नको, नायक लिव फक्त.

(प्रीतम कागद गुंडाळून जातो. पंचफुलाबाई दाराशी चपला शोधतात.)

संध्या : आता तू कुठे निघालीस? पाहुणे येतील.

पंचफुला : पाच वाजले. मैदानावर पानी माराचं हाये. नाई तं पोरीयचे गुडघे सोलतात.

संध्या : पाणी तू मारतेस? मला वाटलं, पोरीच मारत असतील.

पंचफुला : पोरी माती चाळतात. पानी म्या मारतो, बुढा गेला तवापासून.

संध्या : वर्षभर? मला फोनवर कधी बोलली नाहीस.

पंचफुला : काय सांगू? जमत नाई मले. एक दिवस चिखल होते, एक दिवस धूळ उडते. पोरी काई बोलत नाई, पन मले समजते. त्यानं मले शिकवलंच नाई. तुले शिकवलं.

संध्या : ...थांब. पाइप मी घेते.

पंचफुला : साडी खराब होईन तुयी. कार्यक्रमाची हाये.

संध्या : होऊ दे. तू आधी कमीच पाणी मार. मग मूठभर माती दे माझ्या हातात.